फळीपासून नावापर्यंत: संत कॅथरीनचे ऑर्थोडॉक्स आयकॉन स्वतः कसे रंगवावे

जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल पाहून आलेल्या अनेकांना ते कोणाच्या नावाने उभे आहे हे ठाऊक नसते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या सणाचा होता, आणि म्हणून पुढे हे कॅथेड्रल तिला वाहिले गेले. मुख्य वेदीमागच्या सोनेरी चौकटींत तिच्या चरित्रातले प्रसंग दाखवले आहेत, पण त्यांचे वळण सर्वस्वी पाश्चात्त्य, कॅथलिक आहे. याच कॅथरीनचे दुसरे रूप पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत शतकानुशतके जपले गेले आहे. लाकडी फळीवर खडू आणि सरसाचा लेप देऊन, अंड्याच्या बलकात खललेल्या रंगांनी हाताने केलेल्या त्या प्रतिमेला आयकॉन म्हणतात.

असे एक छोटे आयकॉन, साधारण २० बाय २५ सेंटीमीटरचे, पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यासाठी हे मार्गदर्शन आहे. रोज दोन तास देता आले तर काम दीड-दोन महिन्यांत होते, आणि वाळण्याचा काळ त्याशिवाय धरावा लागतो. आरंभीच एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आयकॉनमधले निम्मे काम पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसतच नाही, आणि नवशिक्याची प्रतिमा फसते ती बहुधा हात कच्चा म्हणून नव्हे, तर खालचे थर घाईने उरकले म्हणून फसते. त्यामुळे या लेखात चेहऱ्याइतकीच जागा लेपाला दिली आहे.

आयकॉन ‘रंगवतात’ की ‘लिहितात’ यावर हौशी मंडळींत बराच वाद चालतो. ग्रीक आणि रशियन या दोन्ही भाषांत लिहिणे आणि चित्र काढणे यांसाठी एकच क्रियापद आहे, एवढेच त्यामागचे कारण आहे. ‘चित्रलिखितासारखा स्तब्ध’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये. या लेखात दोन्ही शब्द येतील.

कोणाची प्रतिमा करायची आहे

परंपरेनुसार कॅथरीन ही चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात राहणारी, उच्च कुळातली, विद्वान तरुणी होती. सम्राटाने तिच्याशी वाद घालण्यासाठी बोलावलेल्या पन्नास पंडितांना तिने निरुत्तर केले. मग तिला खिळे ठोकलेल्या चाकावर मारण्याचा हुकूम सुटला, ते चाकच मोडून पडले आणि अखेरीस तिचा शिरच्छेद करण्यात आला. तिच्या काळातला कोणताही लेखी पुरावा उपलब्ध नसल्यामुळे इतिहासकार या कथेकडे साशंकतेने पाहतात. रोमच्या चर्चने १९६९ मध्ये तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला होता आणि २००२ मध्ये तो पुन्हा घेतला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र तिचे स्थान कधीच डळमळले नाही. ग्रीक लोक २५ नोव्हेंबरला आणि रशियन लोक चर्चच्या पंचांगातल्या २४ नोव्हेंबरला तिचा सण पाळतात.

देवदूतांनी तिचा देह सिनाईच्या पर्वतावर नेऊन ठेवला अशी श्रद्धा आहे. त्या पर्वतराजीच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवलेला मठ आज तिच्याच नावाने ओळखला जातो, आणि तिथल्या संग्रहात दोन हजारांहून अधिक आयकॉन आहेत. आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात प्रतिमाभंजनाचा जोर होता आणि ८४३ मध्ये तो वाद मिटेपर्यंत असंख्य प्रतिमा नष्ट झाल्या. सिनाई त्या वेळी मुस्लिम राजवटीत, म्हणजे सम्राटाच्या हद्दीबाहेर असल्यामुळे तिथल्या सहाव्या शतकातल्या प्रतिमासुद्धा वाचल्या. वाळवंटातल्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे, आणि हा मुद्दा मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावा, कारण दमट हवा हा या कलेचा मोठा शत्रू आहे.

कॅथरीनच्या आयकॉनचे दोन ढोबळ प्रकार आढळतात. जुन्या प्रकारात ती समोर तोंड करून उभी असते. डोक्यावर मुकुट, अंगावर सम्राटकुळाचा पोशाख आणि त्यावर ‘लोरोस’ नावाचा रत्नजडित लांब पट्टा असतो. उजव्या हातात हुतात्म्याचा क्रूस आणि डाव्या हाताचा तळवा पाहणाऱ्याकडे उघडा असतो. सिनाईच्या मठातले तेराव्या शतकातले, भोवती चरित्रप्रसंग असलेले प्रसिद्ध आयकॉन या वळणाचे आहे. दुसरा प्रकार नंतरचा आहे. त्यात ती बसलेली असते, जवळ ग्रंथ, पृथ्वीगोल आणि मोडके चाक दिसते. क्रीट बेटावरच्या इयेरेमियास पल्लादास या चित्रकाराने १६१२ मध्ये याच मठासाठी केलेल्या आयकॉनने हा प्रकार रूढ केला. नवशिक्याने पहिला प्रकार निवडावा आणि तोही अर्धाकृती, कमरेपर्यंतचाच घ्यावा. चाक, ग्रंथ आणि गोल यांच्या गर्दीत चेहऱ्याकडे दुर्लक्ष होते.

चेहरा स्वतःच्या कल्पनेने काढू नये. आयकॉनमध्ये जुन्या नमुन्यावरून नवी प्रतिमा करणे ही नक्कल मानली जात नाही, तीच या कलेची रीत आहे. रशियात त्यासाठी ‘पोदलिन्निक’ नावाच्या नमुन्यांच्या वह्या असत आणि कोणत्या संताची दाढी कशी, वस्त्र कोणते, हे त्यांत नोंदलेले असे. आज संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली स्पष्ट छायाचित्रे पुरतात. एकच नमुना निवडून तो हव्या त्या आकारात छापून घ्यावा. तीन नमुन्यांतून तीन गोष्टी उचलण्याचा मोह टाळावा.

फळी

रशियात आयकॉनसाठी लिंडनचे लाकूड सर्वाधिक वापरले जाते, कारण ते मऊ, एकसारख्या पोताचे आणि राळ नसलेले असते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. सागवान टिकाऊ असले तरी त्यात मुळातच तेल असल्यामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून ते टाळावे. पहिल्या कामासाठी १८ मिलिमीटर जाडीचा, चांगल्या प्रतीचा बर्च प्लायवूड सर्वांत भरवशाचा ठरतो, कारण तो वाकत नाही. अखंड लाकूडच हवे असेल तर ते किमान काही वर्षे वाळलेले असावे आणि मागच्या बाजूला आडव्या खाचा पाडून त्यांत दोन पट्ट्या सरकवून बसवाव्यात. या पट्ट्या चिकटवू नयेत. लाकूड ऋतुमानाप्रमाणे हलते, त्याला हलायला जागा हवी आणि तरीही ते वाकता कामा नये, यासाठी ही योजना आहे.

जुन्या फळ्यांच्या मधोमध दोन-तीन मिलिमीटर खोल चौकोन कोरलेला असतो आणि कडेची उंच राहिलेली चौकट प्रतिमेला सांभाळते. या खोलगट भागाला रशियन भाषेत ‘कोवचेग’, म्हणजे पेटी किंवा तारू, म्हणतात. सुताराकडून राउटरने तो कोरून घेता येतो. नसला तरी चालते.

सरस आणि लेप

सावंतवाडीच्या गंजिफांचे पत्ते बनताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही कृती अनोळखी वाटणार नाही. तिथे कापडाला चिंचोक्याची खळ लावतात, वर खडूचा लेप देतात आणि तो घोटून गुळगुळीत करतात. इथे खळीच्या जागी जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस असतो. ज्यांच्या घरात सरस आणि अंडे चालत नाही त्यांनी अॅक्रिलिक रंगांचा मार्ग धरावा, आज अनेक आयकॉनकार तोच वापरतात. मात्र दोन पद्धतींची सरमिसळ करू नये. बाजारात डब्यात मिळणाऱ्या अॅक्रिलिक लेपावर अंड्याचा रंग लावल्यास तो पुरेसा मुरत नाही आणि कालांतराने पापुद्र्यांनी सुटू लागतो.

५० ग्रॅम सरस ६०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा. सकाळी तो फुगलेला दिसेल. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सरसाचे भांडे ठेवावे आणि मंद आचेवर तो विरघळू द्यावा. तो उकळता कामा नये, ६० अंशांच्या वर गेला की त्याची पकड कमी होऊ लागते. माझी पहिली फळी याच चुकीने गेली. फोन वाजला, सरस उकळला, आणि ‘एवढ्याने काय होते’ म्हणत तोच वापरला. तीन आठवड्यांनी कॅथरीनच्या कपाळावरून खालपर्यंत केसासारखी भेग गेली होती. सरसाची ताकद ओळखण्यासाठी चमचाभर सरस वाटीत काढून फ्रिजमध्ये गार करावा. तो खर्वसासारखा थरथरला आणि बोटाने सहज मोडला तर योग्य आहे. रबरासारखा ताणला गेला तर आणखी पाणी घालावे.

कोमट सरसाचा एक हात फळीच्या सर्व बाजूंना, मागेसुद्धा, लावून ती रात्रभर वाळू द्यावी. दुसऱ्या दिवशी जुने, धुऊन मऊ झालेले तागाचे किंवा सुती पातळ कापड सरसात बुडवून पुढच्या बाजूवर पसरावे आणि मधून कडेकडे बोटे दाबत हवेचे फुगे काढून टाकावेत. लाकूड आणि लेप यांच्यामध्ये हे कापड गादीचे काम करते. प्लायवूड वापरले तरी मी ते वगळत नाही.

आता लेप. त्यासाठी खडूची वस्त्रगाळ पूड, म्हणजे रंगाच्या दुकानात व्हायटिंग म्हणून मिळते ती, घ्यावी. शाळेतल्या फळ्याचे खडू अनेकदा जिप्समचे असतात, ते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस या दोन्हींना हात लावू नये. कोमट सरसात पूड चाळणीने हळूहळू भुरभुरावी आणि ती आपोआप खाली बसू द्यावी. घाईने ढवळल्यास हवा मिसळते, आणि तो एकेक फुगा पुढे लेपात टाचणीच्या टोकाएवढे भोक होऊन दिसतो. पहिला हात दुधासारखा पातळ असावा आणि तो बोटांनी कापडात चोळावा. नंतरचे हात धिरड्याच्या पिठाहून पातळ अशा मिश्रणाचे, रुंद मऊ ब्रशने द्यावेत. एक हात आडवा दिला तर पुढचा उभा द्यावा. आधीच्या थराची ओली चमक गेली आणि हाताला तो गार लागत असला की पुढचा थर देण्याची वेळ झाली असे समजावे. असे आठ ते बारा थर शक्यतो एकाच दिवशी द्यावेत. पंखा लावून वाळवण्याचा प्रयत्न करू नये, वरचा थर आधी आवळतो आणि भेगा पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवर हे काम हाती घेऊच नये. लेप वाळत नाही आणि सरसाला बुरशी धरते, वासही येतो.

दोन-तीन दिवसांनी पूर्ण वाळलेला लेप २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. तोंडावर मास्क हवाच. दिवा एका बाजूला खाली ठेवून तिरप्या उजेडात पाहिले की उंचवटे कळतात. शेवटी पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा लागला पाहिजे.

रेखाटन

कंपास घेऊन आधी डोक्याची मापे ठरवावीत. बायझंटाइन चित्रकारांची एक सोपी युक्ती आजही उपयोगी पडते. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी केंद्र धरायचे आणि नाकाच्या लांबीचे माप घ्यायचे. एक माप त्रिज्येच्या वर्तुळात कपाळ आणि गाल बसतात, दोन मापांच्या वर्तुळात केसांसह सगळे डोके येते आणि तीन मापांचे वर्तुळ म्हणजे प्रभावलय होते. आपल्या फळीवर नाक १.७ सेंटीमीटर धरले तर वलयाचा व्यास १०.२ सेंटीमीटर होतो आणि वर मुकुटालाही जागा उरते.

पूर्ण आकाराचे रेखाटन ट्रेसिंग कागदावर करून कागदाच्या पाठीला गेरूची कोरडी पूड चोळावी, आणि फळीवर ठेवून टोकदार काडीने रेषा गिरवाव्यात. कार्बन पेपर वापरू नये, त्याचा चिकट निळा रंग वरपर्यंत उमटतो. उमटलेल्या गेरूच्या रेषांपैकी बाह्यरेषा, वलय आणि वस्त्रांच्या मुख्य चुण्या जाड सुईने लेपात हलक्या कोरून घ्याव्यात. पुढे रंगांचे थर चढले तरी तिरप्या उजेडात या रेषा सापडत राहतात. चेहऱ्यातल्या रेषा मात्र कोरू नयेत.

सोने

सोने रंगाच्या आधी लावतात, कारण वर्ख रंगाला चिकटून बसतो. ज्यांना पहिल्याच प्रयत्नात हा खर्च आणि ही कटकट नको असेल त्यांनी पार्श्वभूमी पिवळ्या कावेने रंगवावी. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जुन्या आयकॉनना सोने नाही आणि त्यामुळे त्यांचे काही अडलेले नाही.

सोने लावायचेच असेल तर पारंपरिक लाल मातीवरचे, ओलावा देऊन बसवण्याचे आणि अकीकाने घोटण्याचे काम गुरूशिवाय जमणे अवघड आहे. तेलावर चिकटवण्याची पद्धत घरी जमते. सोन्याच्या जागी लाखेच्या पातळ पॉलिशचे तीन-चार हात देऊन लेपाची शोषण्याची ताकद बंद करावी, त्यावर वर्खासाठीचे खास तेल अगदी पातळ लावावे आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत थांबावे. बोटाचे मागचे पेर टेकवून उचलल्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि बोटाला काही लागले नाही, की वेळ झाली. वर्खाची पाने ८ सेंटीमीटर चौरस असतात आणि एका पुस्तिकेत २५ येतात. आपल्या फळीला आठ-दहा पाने पुरतात. पंखा बंद करावा, श्वास रोखावा, पान ठेवून कापसाने टिपावे आणि उरलेले मऊ ब्रशने झाडावे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख इथे चालत नाही, चांदी काही काळाने काळी पडते.

बलकाचा रंग

अंडे ताजे असावे. पांढरे वेगळे करून बलक एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर घोळवावा आणि दर वेळी रिकामा हात पुसावा, म्हणजे चिकटलेले पांढरे निघून जाते. मग बलक दोन बोटांनी अलगद उचलून वाटीवर धरावा, खालून टाचणीने टोचावा आणि आतला द्रव वाटीत गळू द्यावा. बोटांत राहिलेली पिशवी टाकून द्यावी. त्यात जवळजवळ तितकेच पाणी आणि काही थेंब व्हिनेगर घालून झाकून ठेवले तर फ्रिजमध्ये ते दोन-तीन दिवस टिकते. अल्ट्रामरीन निळा वापरताना व्हिनेगर वगळावे, कारण आम्लाने तो रंग मरतो.

रंगाची कोरडी पूड आधी पाण्यात खलून लगद्यासारखी करावी आणि वापरताना तितकेच बलकाचे मिश्रण घालावे. प्रमाण बरोबर आहे का, हे काचेवर कळते. एक फटकारा काचेवर मारावा, वाळू द्यावा आणि पात्याने खरवडावा. रंग अखंड सालीसारखा निघाला तर प्रमाण ठीक आहे, भुकटी झाली तर बलक कमी पडला, आणि तेलकट चमक आली तर बलक जास्त झाला.

सुरुवातीला सात रंग पुरतात: पिवळी काव, तांबडी काव, अंबर नावाची तपकिरी माती, हिरवी माती, अल्ट्रामरीन, काळा आणि टायटॅनियम पांढरा. जुन्या चित्रकारांचे हिंगूळ आणि शिशाचा सफेदा हे अनुक्रमे पारा आणि शिसे असलेले विषारी पदार्थ आहेत. घरात, विशेषतः मुले असताना, त्यांची हौस करू नये. ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करण्याची सवय असेल तर ती आजपासून सोडावी.

कोणता रंग कशाचे प्रतीक आहे याचे तक्ते जागोजागी आढळतात. कॅथरीनचा लाल रंग हौतात्म्याचा आणि राजकुळाचा मानला जातो, एवढे खरे. पण प्रत्येक छटेला एकेक अर्थ चिकटवणाऱ्या तक्त्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, कारण जुना चित्रकार पुष्कळदा त्याच्याकडे होता तोच रंग लावत असे.

आधी वस्त्र, मग चेहरा

रशियन कारखान्यांत वस्त्रे आणि पार्श्वभूमी करणारा कारागीर वेगळा आणि चेहरा करणारा वेगळा असे, आणि चेहरा नेहमी शेवटी येई. एकट्याने काम करतानाही हाच क्रम ठेवावा. वस्त्रे होईपर्यंत हाताला बलकाची सवय झालेली असते.

आयकॉनमध्ये सावली रंगवत नाहीत. सगळ्यांत गडद रंग आधी भरतात आणि त्यावर उजेड चढवत नेतात. जलरंगांत कागदाचा पांढरेपणा राखत गडदाकडे जाणाऱ्या माणसाला हे उलटे वाटते आणि पहिले चार दिवस हात गोंधळतो. कॅथरीनच्या झग्यासाठी तांबडी काव आणि थोडा काळा यांचा गडद थर दोन-तीन पातळ हातांत सपाट भरावा. फळी आडवी ठेवावी. त्यावर चुण्यांच्या रेषा आणखी गडद रंगाने काढाव्यात. मग मूळ रंगात थोडी पिवळी काव मिसळून चुणीच्या फुगीर भागावर पहिला उजेड, त्याहून फिका दुसरा उजेड त्याच्या आत, आणि तिसरा अगदी अरुंद असा द्यावा. प्रत्येक उजेड आधीच्यापेक्षा लहान असला पाहिजे. नवशिके हटकून तिसरा उजेड दुसऱ्याएवढा मोठा करतात आणि वस्त्र पिठात लोळल्यासारखे दिसते.

लोरोसवरचे मोती हे या आयकॉनमधले सर्वांत आनंदाचे काम आहे. पट्ट्यावर पिवळ्या कावेचा थर देऊन कडा तपकिरी रेषेने बांधाव्यात. मोती जिथे हवा तिथे आधी पातळ तपकिरी ठिपका टेकवावा आणि वाळू द्यावा. मग दुधाच्या सायीइतका घट्ट पांढरा रंग बारीक ब्रशच्या टोकावर घेऊन, ब्रश सरळ उभा धरून, ठिपक्याच्या किंचित वरच्या बाजूला फक्त टेकवून उचलावा. खाली तपकिरी कोर उरते आणि मोती उचलून आल्यासारखा दिसतो. ब्रश जरासा ओढला गेला तर मोत्याचा तांदूळ होतो. मुकुटातही हेच करायचे आहे.

चेहऱ्याच्या तळरंगाला रशियन लोक ‘सांकिर’ आणि ग्रीक लोक ‘प्रोप्लास्मोस’ म्हणतात. पिवळ्या कावेत हिरवी माती, थोडा काळा आणि नखावर मावेल इतकी तांबडी काव घालून होणारा हा हिरवट तपकिरी रंग चेहरा, मान आणि हात यांवर सपाट लावावा. तो पाहून पहिल्यांदा भीती वाटते, पण घाबरू नये. वाळल्यावर अंबर आणि तांबड्या कावेने डोळे, भुवया, नाक, ओठ यांच्या रेषा पुन्हा काढाव्यात. मग पिवळी काव, पांढरा आणि थोडी तांबडी काव यांचा पहिला उजेड कपाळ, गालाची हाडे, नाकाचा कणा, हनुवटी आणि मान यांवर, केसाएवढ्या बारीक, शेजारी शेजारी मारलेल्या रेघांनी चढवावा. ब्रश रंगात बुडवल्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा, रेघ ओली राहिली तर ती खालचा थर उचलून नेते. डोळ्यांच्या खोबण्या, नाकाची बाजू, केसांलगतची कड आणि हनुवटीखालचा भाग तळरंगाचाच राहू द्यावा, तिथेच चेहऱ्याला गोलाई येते. दुसरा आणि तिसरा उजेड तसाच, दर वेळी लहान जागेत द्यावा. उजेडांच्या कडा फार ठळक दिसू लागल्या तर पाण्यासारख्या पातळ कावेचा एक हात सगळ्यावरून फिरवावा, सगळे थर एकमेकांत बसतात. गालांवर आणि ओठांवर तांबड्या कावेची नुसती छटा द्यावी.

डोळ्यांतले पांढरे हे पांढरे नसते, तळरंगात जरा पांढरा मिसळलेला तो राखाडी रंग असतो. शुद्ध पांढरा फक्त शेवटच्या जिवंत रेघांसाठी राखून ठेवायचा आहे. डोळ्याखाली तीन-चार, भुवईवर दोन, नाकाच्या शेंड्यावर एक आणि गालाच्या हाडावर काही, इतक्याच रेघा द्याव्यात. त्या दिल्यावर थांबावे. मी दोनदा न थांबल्यामुळे दोन चेहरे खरवडले आहेत.

नाव, पाठ आणि तेल

वलयाची कड पातळ लाल रेषेने बांधावी आणि दोन्ही बाजूंना नाव लिहावे. नाव नसलेले आयकॉन परंपरेने अपूर्ण मानले जाते. ग्रीक लिपीतले ‘ई आयिया एकातेरिनी’, म्हणजे ‘संत कॅथरीन’, हे शब्द नमुन्यावरून अक्षर न अक्षर गिरवावेत. सोन्यावर रंग धरत नसेल तर कापलेली लसणाची पाकळी त्या जागेवर आधी हलकेच फिरवावी. नाव देवनागरीत लिहायलाही हरकत नाही, रशियन लोकांनी ते आपल्या लिपीत लिहिलेच की. चित्रकार पुढच्या बाजूला सही करीत नाही. अनेक ग्रीक आयकॉनवर ‘अमक्याच्या हातून’ एवढेच असते, तेच मागच्या बाजूला तारखेसह लिहावे.

ही वस्तू ऑर्थोडॉक्स श्रद्धाळूंच्या पूजेची आहे. कोणाला भेट द्यायची असेल तर चर्चमधल्या धर्मगुरूंकडून ती आशीर्वादित करून घेण्याची रीत आहे. मुंबई-पुण्यातली मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चे ही पूर्वेकडच्या वेगळ्या, सिरियाक शाखेतली आहेत, त्यामुळे तिथे नेण्याआधी विचारून घेणे सभ्यपणाचे होईल.

रंग पूर्ण झाल्यावर निदान एक महिना प्रतिमा तशीच राहू द्यावी. मग पारंपरिक ‘ओलिफा’, म्हणजे उकळून घट्ट केलेले जवसाचे तेल, मधोमध ओतून तळहाताने पसरतात, ठरावीक वेळाने पुन्हा सारखे करतात आणि चिकट होऊ लागण्याआधी उरलेले पुसून घेतात. या तेलाने रंग एकदम खोल दिसू लागतात. पण काही दशकांत ते काळवंडते. रशियन चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्हची प्रख्यात ‘ट्रिनिटी’ (ख्रिस्ती त्रैक्याची प्रतिमा) अशाच काळ्या थरांखाली आणि नंतरच्या रंगांखाली दडली होती आणि १९०४ मध्ये वासिली गुर्यानोव्हने ती साफ करायला घेतली तेव्हा खालचे रंग पाहून लोक चकित झाले. नवशिक्याने तेलाऐवजी टेम्परासाठीचे, म्हणजे अशा बलकाच्या रंगांसाठीचे, पुढे काढता येणारे वॉर्निश पातळ हाताने लावले तर ते अधिक सुरक्षित आहे. तेल वापरलेच तर त्याच्या चिंध्या चुरगळून कचऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेकाव्यात.

तेल लावलेली फळी पुठ्ठ्याच्या खोक्याखाली, धूळ बसणार नाही अशी, दोन आठवडे आडवी ठेवावी. भिंतीवर लावताना बाहेरची, पावसाने ओल धरणारी भिंत आणि स्वयंपाकघर टाळावे, आणि फळीच्या मागे हवा खेळावी म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती काढून मागची बाजू तपासावी. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने झाडून फळी काही दिवस आतल्या खोलीत उभी करून ठेवावी, उन्हात मात्र ठेवू नये.